प्रत्येक बंदुकीला माशी हवीच का? शूटर गेममधल्या एका जुन्या वादाची सोपी उकल

२०२५ च्या दिवाळीत अमरावतीला शिकणारा माझा भाचा लॅपटॉप घेऊन गावी आला आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर गल्लीतली सात-आठ मुले त्याच्याभोवती जमली. आमचे गाव चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या पट्ट्यात आहे. ही सगळी मुले मोबाइलवरच्या बीजीएमआय या बंदुकीच्या लढाईच्या खेळावर वाढलेली आहेत. लॅपटॉपवर मात्र 'हेलो' होता, म्हणजे २००१ साली आलेला, अंतराळातल्या एका कंकणाकृती कृत्रिम जगात घडणारा, चिलखत घातलेल्या एका सैनिकाचा जुना खेळ. पाच मिनिटांत शेजारच्या दहावीतल्या मुलाची पहिली तक्रार आली, "काकाजी, बंदूक त भारी हाय, पण स्कोपच खुलत नाही ना!"

योगायोग असा की त्याच आठवड्यात, २४ ऑक्टोबरला, या पहिल्या हेलोचा नव्याने घडवलेला अवतार जाहीर झाला आणि जुन्या खेळात आजच्या काळातल्या किती गोष्टी घालाव्यात, हा वाद जगभरच्या खेळाडूंत पुन्हा पेटला. आमच्या ओसरीवरचा प्रश्न त्याच वादाचा एक भाग होता. विज्ञानकथेवर बेतलेल्या शूटर गेममध्ये प्रत्येक बंदूक डोळ्यासमोर आणून नेम धरण्याची सोय असावी का? वरवर पाहता हा एका बटणाचा प्रश्न वाटतो. ते एक बटण खेळाचा वेग, मैदानाची लांबी-रुंदी आणि लढतीची रीत कशी बदलून टाकते, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

आधी खरी माशी

बहिरमच्या यात्रेत फुगेवाल्याच्या पालापाशी छऱ्याची बंदूक हातात घेतलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असते. नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. डोळ्याच्या बाजूला एक खाच असते. डोळा, खाच, माशी आणि फुगा ही चारही एका रेषेत आली म्हणजे नेम लागला. तिफणीचे पहिले तास धरणारा शेतकरी हेच करतो. समोरच्या धुऱ्यावरची एखादी बाभूळ हेरायची, दोन बैलांच्या मधून, जुवाच्या मध्यावरून ती दिसत राहील असे पाहायचे आणि चालायचे. नजर हलली की तास वाकडे जाते आणि पुढची सगळी तासे त्याच्या मागे वाकडी जातात.

खाच आणि माशी यांच्यात चाळीस सेंटिमीटर अंतर असेल आणि जुळवताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर चार मीटरवरच्या फुग्यापाशी ती चूक एक सेंटिमीटरची होते, म्हणजे फुगा तरीही फुटतो. तीच चूक शंभर मीटरवर पंचवीस सेंटिमीटरची होते. माशीची गरज अंतराबरोबर वाढते, हे सूत्र पुढे पुन्हा लागणार आहे. शिवाय डोळ्याला खाच, माशी आणि फुगा ही तिन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसू शकत नाहीत. शिकलेला नेमबाज नजर माशीवर ठेवतो आणि लक्ष्य थोडे धूसर दिसू देतो. मी एका यात्रेत पाहिलेला मुलगा तर याहून पुढे गेला होता. बंदुकीची माशी एका बाजूला वाकलेली आहे हे त्याने पहिला छरा फळीवर कुठे बसला त्यावरून ओळखले, दुसऱ्या वेळी तेवढेच अंतर डावीकडे धरले आणि मग एकामागून एक फुगे फोडत गेला. नेम म्हणजे चुकीचा अंदाज घेऊन ती भरून काढणे, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

पडद्यावर बंदूक नसते

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर मात्र ना नळी असते, ना खाच, ना माशी. तिथे असतो एक काल्पनिक कॅमेरा, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारी बंदूक हे नुसते चित्र असते. पडद्याच्या मध्यभागी एक ठिपका किंवा फुली असते. गोळी झाडली की यातले बहुतेक खेळ कॅमेऱ्यापासून त्या फुलीतून सरळ पुढे एक रेषा काढतात आणि ती रेषा कोणाला शिवते ते तपासतात. म्हणजे रेषा आधीपासूनच जुळलेली असते. खऱ्या बंदुकीत जे काम माशी करते, ते इथे फुलीनेच केलेले असते.

मग डोळ्यासमोर बंदूक आणण्याचे कारण काय? कारण खेळ रचणारे मुद्दाम एक उणीव ठेवतात. फुलीवर नेम धरून गोळी झाडली तरी ती नेमकी मध्यावर न जाता फुलीभोवतीच्या एका वर्तुळात कुठेही जाईल, असा नियम करतात. तिफणीच्या चाड्यावरची मूठ सैल सुटली की बी तासाच्या आजूबाजूला सांडते, तसा हा गोळ्यांचा फैलाव असतो. खेळाडूने ठरावीक बटण दाबले की बंदूक वर उचलली जाते, तिची माशी किंवा तिच्यावर बसवलेली दुर्बीण डोळ्यासमोर येते, दृश्य थोडे जवळ येते आणि फैलाव जवळजवळ नाहीसा होतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला एडीएस म्हणतात, आमची मुले याला 'स्कोप खोलणे' म्हणतात, आणि मी या लेखात 'माशीतून नेम' म्हणेन. बंदूक न उचलता केलेल्या गोळीबाराला 'कमरेवरून मार' म्हणू. याहून जास्त परिभाषा या विषयाला लागत नाही.

माशीतून नेम हा असा खेळातला एक नियम आहे, आणि नियम असल्यामुळे तो कुठे हवा, कुठे नको, हे ठरवता येते. १९९३ च्या 'डूम'मध्ये तो नव्हता; तिथे तर वर-खाली नेम धरण्याचीही सोय नव्हती, शत्रू समोरच्या रेषेत असला की गोळी स्वतःच उंची जुळवून घेत असे. २००१ च्या हेलोमध्ये पिस्तुलाला दुप्पट जवळून दाखवणारे झूम होते, लांब पल्ल्याच्या बंदुकीलाही होते, पण सरसकट वापरायच्या मशीन रायफलीला काहीच नव्हते. त्याच वर्षी आलेल्या 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' या युद्धखेळात माशीतून नेम धरता येत होता. तो घरोघरी पोचवला २००३ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'ने, आणि २००७ च्या 'मॉडर्न वॉरफेअर'नंतर तर बंदूक म्हटली की डाव्या हाताचे बटण दाबून ती उचलायची, ही सवय एका अख्ख्या पिढीच्या बोटांत बसली. ओसरीवरच्या मुलांची बोटे त्याच पिढीची आहेत.

कंदील आणि बॅटरी

आता या नियमाची किंमत पाहू, कारण वादाचे मूळ तिथेच आहे.

आमच्याकडे हरभरा घाट्यावर आला की रात्री जागलीला जावे लागते, कारण रानडुकरे आणि रोही एका रात्रीत पीक लोळवून टाकतात. मचाणावर दोन उजेड असतात. एक कंदील, जो चारी बाजूंना वीस-पंचवीस पावले अंधुक दाखवतो, आणि दुसरी बॅटरी, जी धुऱ्यापलीकडचे चमकणारे डोळेही दाखवते, पण तिच्या झोताबाहेर सगळा काळोख. काही वर्षांपूर्वी एका रात्री मी पूर्वेच्या धुऱ्यावर दोन डोळे हेरले आणि त्यांच्यावर झोत धरून बसलो. तो एकच रोही होता आणि तो जागचा हलत नव्हता. तेवढ्या वेळात डुकरांचा कळप पश्चिमेच्या नाल्यातून वर आला, आणि मला तो दिसला नाही, ऐकू आला, तोही मचाणाच्या पायथ्याशी. झोत जेवढा लांब पोचतो, तेवढा तो अरुंद असतो.

पडद्यावर हेच घडते आणि तिथे ते अंशांत मोजता येते. खेळाडूला समोरचे ९० अंश दिसत असतील, तर दुप्पट झूम केल्यावर सुमारे ५३ अंश उरतात आणि चौपट झूमवर सुमारे २८. क्षेत्रफळाच्या भाषेत सांगायचे तर दुप्पट झूमवर आधीच्या चित्राचा एक चतुर्थांश भागच पडदाभर पसरलेला असतो आणि उरलेला तीन चतुर्थांश नजरेआड होतो. त्यात डोळ्यासमोर आलेली बंदूक स्वतःही खालचा बराच भाग झाकते.

दुसरी किंमत पायांची. बहुतेक खेळांत माशीतून नेम धरला की चाल मंदावते, धावणे थांबते. तिसरी किंमत वेळेची. बंदूक उचलून डोळ्यासमोर यायला साधारण पाव सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात खेळाडू ना नीट पळत असतो, ना नीट मारत असतो. म्हणजे हा एक व्यवहार आहे. खेळाडू आपली नजर, आपले पाय आणि पाव सेकंद देतो आणि बदल्यात अचूकपणा घेतो. सौदा चांगला की वाईट, हे त्या खेळात नजरेला आणि पायांना काय भाव आहे यावर ठरते.

शत्रू पडायला किती वेळ लागतो?

माझ्या मते सगळा प्रश्न या एका आकड्याभोवती फिरतो, आणि चर्चेत नेमका तोच मागे राहतो.

कॉल ऑफ ड्यूटीसारख्या खेळात गोळ्या नीट लागल्या तर समोरचा अर्ध्या सेकंदाच्या आत पडतो. तिथे कोणी कोणाला आधी पाहिले यावर बरेचसे ठरते, कारण पहिली गोळी लागल्यावर सावरायला वेळच उरत नाही. अशा खेळात बंदूक उचलायला पाव सेकंद लागतो ही फार मोठी गोष्ट असते. शहाणा खेळाडू कोपऱ्यावर पोचण्याआधीच बंदूक उचलून ठेवतो, हळू चालतो, आडोसा धरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळाच्या सैनिकाची भीती आणि सावधपणा खेळाडूच्या अंगात उतरवायचा असेल, तर माशीतून नेम ही फार उत्तम योजना आहे. मी तिच्या विरोधात नाही, हे इथेच स्पष्ट करतो.

हेलोसारख्या खेळात सैनिकाभोवती ऊर्जेचे कवच असते. ते आधी फोडावे लागते, आणि थोडा वेळ आडोशाला थांबले की ते पुन्हा भरते. नेहमीच्या बंदुकीने समोरच्याला पाडायला सेकंद-दीड सेकंद जातो. दीड सेकंद ऐकायला थोडा वाटतो, पण तेवढ्यात उडी मारता येते, बाजूला सरकता येते, हातगोळा टाकता येतो, जवळ जाऊन बंदुकीच्या दस्त्याचा घाव घालता येतो, किंवा मागे वळून कवच भरायला पळता येते. म्हणजे लढत सुरू झाल्यानंतर काय केले याला इथे मोल आहे. आट्यापाट्या खेळलेल्यांना हे लगेच कळेल. पाटीवरच्या गड्याने तुम्हाला पाहिले म्हणून तुम्ही बाद होत नाही. हूल द्यायला, वळायला, परतायला जागा आणि वेळ असतो, आणि खेळाची सगळी गोडी त्या हुलकावणीत असते. उद्या कोणी नियम केला की पाटीवाल्याने दोन क्षण स्थिर उभे राहून बोट रोखले की समोरचा बाद, तर पाट्या तशाच आखलेल्या राहतील आणि खेळ मात्र दुसराच होईल.

यात आणखी एक बारकावा आहे. हेलोच्या लढतीचे तीन खांब आहेत: बंदूक, हातगोळा आणि जवळचा घाव. मूळ खेळात दोन हातांत धरायच्या कंट्रोलरवर उजव्या तर्जनीखालच्या चापाने गोळी सुटे आणि डाव्या तर्जनीखालच्या चापाने हातगोळा, म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी कायम दोन बोटांखाली तयार असत. झूमसाठी उजव्या अंगठ्याखालची काठी दाबावी लागे, कारण ते क्वचित लागणारे काम होते. माशीतून नेम हे नेहमीचे काम झाले की डावा चाप त्याला द्यावा लागतो आणि हातगोळा दुसऱ्या बटणावर सरकतो. शिवाय एकदा डोळा माशीला लावला की हातगोळा टाकण्यासाठी किंवा घाव घालण्यासाठी तो आधी काढावा लागतो. गोळी मारता मारता गोळा टाकून लगेच घाव घालण्याची जी सलग लय होती, ती तुटते. कुठलीही बंदूक कमजोर न करता, एकही नियम न पुसता, तीन खांबांतले दोन खुजे होतात.

"पण खरी बंदूक तर अशीच चालवतात"

हा पहिला आक्षेप आणि तो प्रामाणिक आहे. कमरेवर बंदूक धरून दूरच्या माणसाला टिपणे प्रत्यक्षात जवळजवळ अशक्य असते. पहिल्या महायुद्धाच्या खंदकातल्या सैनिकाच्या खेळात कमरेवरून अचूक मार दाखवला तर मलाही ते खटकेल.

विज्ञानकथेतला सैनिक मात्र बंद हेल्मेट घालून उभा असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर माहिती उमटत असते. अशा माणसाने गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवून माशी का शोधावी? बंदूक कुठे रोखली आहे हे बंदुकीनेच काचेवर दाखवावे, हे त्या जगात जास्त पटणारे आहे. आणि ही कल्पना फार दूरची नाही. भारतीय हवाई दलात २०१९ साली पठाणकोटला दाखल झालेल्या अपाची हेलिकॉप्टरची ३० मिलिमीटरची तोफ वैमानिकाच्या हेल्मेटशी जोडता येते. वैमानिक मान वळवून जिकडे पाहतो, तिकडे तोफेचे तोंड वळते, आणि नेमाची खूण त्याच्या डोळ्यासमोरच्या लहानशा काचेवर दिसते. तिथे माशीला डोळा लावावा लागत नाही. पडद्याच्या मध्यावरची साधी फुली हे त्याच तंत्राचे चित्र मानले, तर विज्ञानकथेत कमरेवरून केलेला अचूक मार अजिबात खोटा ठरत नाही.

"मोबाइलच्या पडद्यावर दिसतच नाही, त्याचे काय?"

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि आपल्याकडच्या खेळाडूंचा विचार करता तो सोडून पुढे जाणे अन्यायाचे होईल. गावातली मुले मोठ्या मॉनिटरवर खेळत नाहीत. त्यांच्या हातात साडेसहा इंचांचा फोन असतो, बहुधा काचेवर एखादा तडा असलेला, आणि ती ग्रामपंचायतीजवळच्या पारावर बसून खेळतात, कारण रेंज तिथे येते.

हिशोब करून पाहू. असा फोन आडवा धरला तर पडद्याची रुंदी साधारण पंधरा सेंटिमीटर भरते. खेळात ९० अंश दिसत असतील, तर शंभर मीटर अंतरावर दोनशे मीटर रुंदीचा पट्टा त्या पंधरा सेंटिमीटरांत मावतो. म्हणजे एका मीटरला पाऊण मिलिमीटर. तिथे उभा असलेला पूर्ण उंचीचा माणूस पडद्यावर सव्वा मिलिमीटरच्या आसपास दिसेल, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा. भर दुपारी, उन्हात, तडा गेलेल्या काचेतून त्याला टिपायचे. चौपट झूम केले की तोच माणूस पाच मिलिमीटरच्या वर जातो, तुरीच्या दाण्याएवढा होतो, आणि मग त्याचे डोके आणि खांदे वेगळे ओळखता येतात. ज्या खेळाचे मैदान आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद आहे, जसे बीजीएमआयमधले एरँगल, तिथे झूम नसेल तर फोनवर खेळणेच शक्य नाही. मुले जे मागतात त्याच्या मागे हे खरे कारण आहे, नुसती सवय नाही.

पण याच हिशोबाची दुसरी बाजूही पाहावी. पंचवीस मीटरवर उभा असलेला माणूस झूम न करता त्याच फोनवर तितकाच, तुरीच्या दाण्याएवढाच दिसतो. म्हणजे कळीचा मुद्दा मैदानाचा आहे. लढती वीस-तीस मीटरांत होतील असे मैदान आखले, शत्रूच्या आकृतीला ठळक रंगाची कड दिली, तर फोनवरही प्रत्येक बंदुकीला झूम लागत नाही. ज्यांना शंभर मीटरवर मारायचे आहे, त्या बंदुकांना ते द्यावे. शिवाय दर झूमबरोबर बोटाच्या हालचालीचा वेगही वेगळा जुळवावा लागतो. बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये रेड डॉट या बिनझूमच्या लाल ठिपक्यापासून दोनपट, तीनपट, चारपट, सहापट, आठपट अशा प्रत्येक दुर्बिणीसाठी वेगळे आकडे भरावे लागतात, आणि नवशिक्या मुलाला ते कोष्टक कोणाचे तरी पाहून उतरवावे लागते. सरसकट माशीतून नेम आणला की हा भारही सरसकट येतो.

"वेगवान खेळांतही तर ते आहे"

आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१६ च्या 'टायटनफॉल २' मध्ये खेळाडू भिंतींवरून धावतो आणि त्याच वेळी माशीतून नेमही धरतो. २०१९ च्या 'एपेक्स लेजंड्स'मध्ये कवच आहे, लढती लांबतात, तरीही बंदूक उचलावी लागते. हेलो घडवणाऱ्या बंजी या कंपनीने स्वतः २०१४ साली 'डेस्टिनी' आणला, त्यात माशीतून नेम होता आणि त्या बंदुका हाताला किती चांगल्या लागतात याचे कौतुक आजही होते.

या उदाहरणांवरून मला दिसते ते असे की हे खेळ पहिल्या दिवसापासून त्या नियमावर बांधलेले होते. त्यांची मैदाने, चालीचा वेग, उड्यांची उंची, बंदुकांचे पल्ले, सगळे तो नियम धरून ठरले. दुसऱ्या बाजूला त्याच २०१६ सालच्या नव्या 'डूम'ने बंदूक उचलण्याची पद्धत सरसकट आणली नाही, एका रायफलीला दुर्बिणीचा जोड म्हणून दिली आणि खेळाडूला सतत पुढे पळत ठेवले, आणि मंगळावरचा तो खेळही तितकाच नावाजला गेला. 'ओव्हरवॉच'ने तिसरी वाट धरली. तिथे बहुतेक पात्रांना हा नियमच नाही, पण ॲश नावाच्या पात्राची रायफल कमरेवरून भराभर चालते आणि डोळ्यासमोर आणली की सावकाश पण जोरकस मारते, म्हणजे दर क्षणी निवड करावी लागते. माशी तिथे एका हातातले खास हत्यार आहे.

"ऐच्छिक ठेवा, ज्याला हवे तो वापरेल"

एकट्याने खेळायच्या कथानकात हे उत्तर अगदी योग्य आहे, आणि ज्यांना नजरेचा त्रास आहे त्यांच्यासाठी तर तिथे झूमची सोय असायलाच हवी. समोर दुसरा माणूस खेळत असेल तेव्हा मात्र ऐच्छिक काही उरत नाही. माशीतून नेम धरणाऱ्याची गोळी नेमकी जात असेल आणि न धरणाऱ्याची फैलत असेल, तर न धरणारा हरत जातो आणि आठवडाभरात सगळेच धरू लागतात. आणि फायदा काहीच नसेल, तर तो केवळ देखावा झाला, ज्यासाठी नजर आणि पाय गमवायला कोणी तयार होणार नाही. फायदा दिला की नियम सक्तीचा होतो आणि न दिला की निरुपयोगी. या पेचातून सुटायचे तर फायदा फक्त काही बंदुकांना आणि फक्त लांबच्या अंतरावर द्यावा लागतो.

मैदानाचेही तसेच आहे. सगळ्यांच्या हाती लांबचा अचूक मार आला की मैदान आखणाऱ्याला लांबच लांब मोकळ्या जागा ठेवाव्या लागतात, आडोसे त्या हिशोबाने मांडावे लागतात, आणि जुन्या मैदानांवरचे जवळचे, वळणावळणाचे डाव तिथे जगत नाहीत.

हेलोने काय करून पाहिले

हा वाद केवळ कल्पनेतला नाही. हेलोने २०१५ च्या पाचव्या भागात तो प्रयोग केला. प्रत्येक बंदुकीला झूम दिले आणि त्याचे कथेतले कारण असे दिले की बंदुकीवरचा कॅमेरा हेल्मेटच्या काचेशी जोडलेला आहे. डावा चाप झूमकडे गेला, हातगोळा शेजारच्या बटणावर सरकला. पण दोन गोष्टी रचनाकारांनी फार विचाराने केल्या. गोळी लागली की झूम आपोआप सुटे, हा चौथ्या भागात वगळलेला जुना नियम परत आणला, त्यामुळे दूर बसून टिपणाऱ्याला एका साध्या गोळीने उठवता येत होते. आणि उडी मारून हवेत झूम केले तर सैनिक क्षणभर तरंगत राहील अशी नवी चाल दिली, म्हणजे झूमने पाय बांधण्याऐवजी त्यांना वेगळे काम दिले. तरीही जुन्या खेळाडूंना ते रुचले नाही आणि तो असंतोष बरीच वर्षे टिकला. मला त्यांचे म्हणणे पटते, पण त्या रचनाकारांनी प्रश्नाचे मर्म ओळखले होते हेही मान्य करायला हवे.

म्हणून माझे मत असे आहे. ज्या विज्ञानकथेच्या खेळात कवच आहे, लढत सेकंद-दीड सेकंद चालते आणि चाल हाच प्राण आहे, तिथे सरसकट माशीतून नेम आणू नये. लांब पल्ल्याच्या दोन-तीन बंदुकांना झूम द्यावे, गोळी लागताच ते सुटावे, कमरेवरून केलेला मार मधल्या अंतरापर्यंत पूर्ण अचूक असावा आणि हातगोळा तर्जनीखालून हलवू नये. नवा खेळ कोऱ्या पाटीवर बांधायचा असेल, तर रचनाकाराने आधी शत्रू किती वेळात पडावा ते ठरवावे आणि मग बटणाकडे वळावे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या सुपरगेमिंगने भारतीय भविष्यकाळावर बेतलेला 'इंडस' हा मोबाइल खेळ आणला. आपल्याकडे असे खेळ आता घडू लागले आहेत, त्यामुळे हा प्रश्न परक्या रचनाकारांपुरता राहिलेला नाही.

ओसरीवरच्या त्या मुलाला मी हे एवढे सांगितले नाही. त्याला म्हटले, "पाच डाव खेळ, आणि दर वेळी मेलास की मारणारा कुठून आला होता ते कागदावर लिही." त्याने वहीच्या मागच्या पानावर पुढून, बाजूने, मागून असे तीन रकाने आखले. नंतर मोबाइलवर बीजीएमआयचे पाच डाव खेळला आणि तेच रकाने त्याखाली पुन्हा भरले. स्कोप उघडा असताना मेल्याच्या नोंदींपुढे त्याने स्वतःहून एक फुली मारायला सुरुवात केली होती, आणि रात्री उशिरा भाच्याने लॅपटॉप मिटला तेव्हा बाजूच्या आणि मागच्या रकान्यांत त्या फुल्या दाटीने उभ्या होत्या.